हनुवटीवरचे तीन ठिपके

आईचा एक चांगला फोटो काढायचा, हे काम माझ्या यादीत दोन महिने होतं. परवा ती खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती, तेव्हा जमलं. आभाळ भरलेलं, घरात उजेड कमी. फ्लॅश तिच्या डोळ्यांना सोसत नाही आणि शटर सावकाश ठेवलं तर हात पुसट येतात. म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची क्षमता, वाढवला. फोटो छान आला, पण त्यावर बारीक रव्यासारखे दाणे पसरले. संगणकावर ते साफ केले, मोठी प्रत काढून आणली आणि यादीत बरोबरची खूण केली.

आईने प्रत हातात घेतली. तिचं बोट हनुवटीवर गेलं.

"अगं, माझं गोंदण कुठाय?"

मी वाकून पाहिलं आणि चरकलेच. गोंदणाचे तिन्ही हिरवे ठिपके दाण्यांबरोबर पुसले गेले होते. यंत्राला तो कचरा वाटला, हे समजू शकते. पण हा चेहरा मी रोज बघते, आणि मला काही कमी आहे असं वाटलंसुद्धा नाही!

"माझ्या आईनं मांडीवर धरून गोंदवलं होतं," ती म्हणाली. "मेल्यावर एवढंच बरोबर येतं म्हणतात. तू तर जितेपणीच पुसलंस की गं!"

ती हसली. मला हसता येईना. नीटनेटकं करण्याच्या नादात आणखी काय काय पुसलं असेल मी?

संध्याकाळी दाण्यांसकट प्रत आणून दिली. आईने चष्मा लावला, फोटोतल्या हनुवटीवर बोट टेकलं.

"हां. ही मी."