पाणी मागणारा मुलगा

कोल्हापुरात चांगली मिसळ कुठे मिळते, हे कुणाला विचारू नये. लोक पत्ता सांगत नाहीत, हाताला धरून नेतात. आणि ते दुकान सोडून बाकीच्या गावात नुसती आमटी मिळते, असं वाटेत ऐकवतात. आमच्या वडिलांच्या मते असं दुकान एकच होतं, आमच्या पेठेतलं, पत्र्याच्या शेडमधलं, दोन बाकड्यांचं. तिथं आमच्या घरातल्या पुरुषांचा एक नियम होता. मिसळ खाताना पाणी प्यायचं नाही. नाक वाहू दे, डोळे लाल होऊ देत, पाणी मागितलं की माणूस बाद.

नियम मिसळीपुरता असता तर माझी तक्रार नव्हती. पण वडिलांची दाढ आठ दिवस ठणकत होती तेव्हा गाल लाडवाएवढा सुजला, तरी ते "काय न्हाय झालं" एवढंच म्हणत होते. दादा सायकलवरून पडला आणि मोडलेल्या हातानं मुकाट जेवायला बसला. या लोकांना काय होतंय ते ओळखायचं काम आईचं आणि माझं. मला त्याचा मनापासून वैताग यायचा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मला बघायला रत्नागिरीहून एक मुलगा आला. पोस्टात कारकून, अंगानं किरकोळ. पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं आणि त्यानं सहज विचारलं, "इथे चांगली मिसळ कुठे मिळते हो?" वडिलांचा चेहरा खुलला. माझी परीक्षा संपली होती, आता त्याची सुरू होणार होती.

"पावण्यास्नी घिऊन जा," ते दादाला म्हणाले.

"याही आल्या तर चार शब्द बोलता येतील," मुलगा म्हणाला.

पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले. तोवर तिथली मिसळ मी डब्यातून घरी आलेलीच खाल्ली होती. बाईमाणूस बघून दुकानदार इतका गडबडला की त्यानं बाकडं दोनदा पुसलं. दुसऱ्यांदा भज्यांच्या तेलकट फडक्यानं, त्यामुळं पहिलं पुसणं वाया गेलं.

मिसळ आली. तिच्यावरचा लालभडक रस्सा, म्हणजे कट, आमच्याकडं मागाल तेवढा वाढतात. "पावणं, तुमास्नी बेतानंच घालतो," दुकानदार म्हणाला.

"घाल की भरपूर," दादा म्हणाला.

पहिल्या घासाला मुलगा गप्प झाला. दुसऱ्याला त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं, हाही आता सोसत बसणार, आणि याचं काय दुखतंय ते मी जन्मभर ओळखत बसणार. तिसऱ्या घासाला त्यानं हातातली ब्रेडची स्लाइस खाली ठेवली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला हे झेपत नाहीये. जरा पाणी द्या. आणि असली तर चिमूटभर साखर."

बाकड्यावरचे लोक खायचे थांबले. दादानं मान खाली घातली. पाणी पिऊन मुलगा मला म्हणाला, "चव मात्र छान आहे. तुम्ही खा सावकाश, मी थांबतो." मी माझी मिसळ संपवली आणि वर कटही मागितला.

मुलाला एस.टी.त बसवून दादानं घरी येऊन चहाडी केली. "पाणी मागितलं त्येनं. साखर पण."

"मग न्हाय म्हणून कळवूया," वडील म्हणाले. "तिखट सोसंना, त्यो संसार काय सोसणार?"

वडिलांपुढं मी तोवर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र राहवेना. "मला ह्योच मुलगा पायजे," मी म्हणाले. "दुखलं तर दुखतंय म्हणून सांगतोय त्यो. मला रोज कुणाचं तोंड बघून ओळखत बसायचं न्हाय."

बाहेरच्या खोलीतल्या बोलण्यात आई कधी पडत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"व्हय म्हणून कळवा," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं ओळखत बसलीया मी. दमले."

वडिलांनी चष्मा लावला, कार्ड काढलं, दोन ओळी लिहिल्या. मग मान वर न करताच त्यांनी तिला विचारलं, "तुझं काय दुखतंय का?"

"गुडघं," आई म्हणाली. "चार वर्सं झाली."

ते माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.