मोजपट्टीवरचे बोंबील

हे लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात वाचण्यासारखं म्हणजे रेशन कार्ड आणि वडील वालीवच्या कारखान्याच्या गाळ्यातून कधी कधी आणायचे ती पार्ट्सची ड्रॉइंग्ज. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. शिवाय समुद्र माझा नाही. आम्ही कोकणातले खरे, पण घाटाच्या पायथ्याचे, आणि आता चंदनसारला राहणारे. समुद्राबद्दल लिहिण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या लोकांचा. त्यांच्याबद्दल मी एकदा चुकीचं लिहिलं होतं, म्हणून आता तरी नीट लिहावं असं वाटतं.

बीएस्सी झाल्यावर मला समुद्री जीवांवर संशोधन करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेत वर्षभराचं काम मिळालं. वसईच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात आठवड्यातून तीन दिवस जायचं, बोटी आल्या की मासे मोजपट्टीवर मोजायचे आणि लांबी वहीत लिहायची. अशा पुष्कळ बंदरांच्या वह्या संस्थेत एकत्र होतात आणि त्यावरून समुद्रात काय चाललंय ते कळतं, असं आमच्या मॅडमनी समजावलं होतं. त्यांचा नियम एकच. पाटीत न बघता हात घालायचा, मूठभर मासे काढायचे आणि हाताला लागतील तेच मोजायचे. निवडायचे नाहीत.

पहिल्याच दिवशी एक मावशी पुढे आल्या. त्यांची स्वतःची बोट होती. नवरा बोटीवर, मुलगा वालीवला लेथवर, माझ्या वडिलांच्या शेजारच्याच गाळ्यात. मी पाटीत हात घालणार तोच त्यांनी मनगट धरलं. म्हणाल्या, हात घाण होईल सर, थांबा. आणि ताटलीत पंधरा-वीस बोंबील मांडून दिले, सगळे हातभर लांब आणि चकचकीत. मला आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं. मी ते मोजले. पुढच्या खेपेला दुसऱ्या बायकांनीही ताटल्या तयार ठेवल्या होत्या. एकीने तर विचारलं, आज सरांना ताटली की तांब्या-पाट. सगळ्या हसल्या, मीही हसलो.

दुसऱ्या महिन्यात लिलावाच्या शेडच्या मागे लघवीला गेलो तेव्हा तिथे ओळीने पाट्या दिसल्या. आत बोटाएवढे बोंबील, त्याहून बारीक मांदेली आणि इतर पिल्लं, सगळ्यांचा एकमेकांत चिकटलेला राखाडी लगदा. तो टेम्पोत भरून कुटीसाठी, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्याची भुकटी करायला जायचा. मोजायच्या ताटलीत त्यातलं काहीच कधी आलं नव्हतं. पाट्यांवर एकही कावळा नव्हता, याचं तेव्हा मला नवल वाटलं. अजूनही ती गोष्ट मनातून जात नाही.

मी मावशींना विचारलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"बारीक लिवलं का बारीकच येतं," त्या म्हणाल्या. "सासूनं सांगितलंय. समुद्राला आयकू जाईल असं वाईट बोलायचं नाय, न लिवायचं."

यावर मी हसू शकलो नाही. घरातले तांदूळ संपले की माझी आई तांदूळ वाढले म्हणते. संपले हा शब्द तिच्या तोंडून आमच्या स्वयंपाकघरात मी कधीच ऐकलेला नाही. मावशींचं म्हणणं मला इतकं ओळखीचं वाटलं की पुढे वाद घालावासा वाटेना. मॅडमना सांगितलं पाहिजे हे कळत होतं. पण सांगितलं तर दोन महिन्यांचं काम खोटं ठरणार, मग मला काढून टाकतील, आणि घरी काय सांगायचं? पुढच्या आठवड्यात सांगू, असं मी दर आठवड्याला ठरवत गेलो.

त्या पावसाळ्यानंतर किनारा बदलत चालला होता. डोल जाळ्यात मासळीऐवजी जेलीफिशचे काचेसारखे गोळे भरून यायचे आणि बायका खराट्याने ते परत पाण्यात लोटायच्या. खाडीच्या तोंडाशी एके सकाळी पाणी गंजासारखं लाल होतं. दुपारपर्यंत ते नेहमीसारखं झालं आणि त्यावर कोणी काही बोललं नाही. माझ्या वहीत मात्र बोंबील हातभरच राहिला.

मग मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये संस्थेची बैठक झाली. मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. आजूबाजूच्या बंदरांत बोंबलाची लांबी घटतेय, या बंदरात ती टिकून आहे. हे काही महिन्यांचंच काम आहे, अजून बघावं लागेल, असंही त्या म्हणाल्या, पण तोवर हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी मागच्या खुर्चीवर होतो. माझे हात टाळीसाठी उचलले गेलेच नाहीत.

बैठकीनंतर मावशींचे यजमान, सगळे त्यांना काका म्हणत, मला पायऱ्यांवर भेटले. बोट विकायचं त्यांच्या घरात जवळजवळ ठरलं होतं. बघायला माणूसही येऊन गेला होता. आता ते विक्री थांबवायचं म्हणत होते. मुलगा तर नोकरी सोडून बोटीवर यायला कधीपासून मागे लागला होता.

"बाईंनी दाखवलं ते तुझ्या वहीतलंच ना?" काकांनी विचारलं.

"हो काका."

"खरं हाय ना पन?"

पायऱ्यांवर आम्ही दोघंच होतो. याहून सोपी जागा मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, "मोजूनच लिहिलंय, काका." आणि तेवढं खरंही होतं.

महिन्याभरात मुलाने गाळा सोडला. माझे वडील जेवताना म्हणाले, चांगला कारागीर गेला, समुद्रात काय ठेवलंय एवढं. मी पाणी आणायला उठलो.

जवळच्या पाण्यात जेलीफिशशिवाय काही मिळेना, तेव्हा बापलेक लांब जायला लागले. आधी एक रात्र, मग दोन, मग चार. मुलगा प्रत्येक फेरीनंतर मला बोट दाखवून सांगायचा, तिकडे, अजून पुढे, तुमच्या वहीतला मासा तिकडेच असणार. तो चेष्टेने म्हणायचा की मनापासून, मला कळायचं नाही.

मग एका फेरीतून ते चौथ्या दिवशी यायला हवे होते, ते आले नाहीत. वारा फिरला होता. बाकीच्या बोटी आल्या होत्या, आणि त्यांतल्या कोणालाही त्या दोघांचा फोन लागत नव्हता.

माझ्या वहीत गेलेल्या बोटी आणि परत आलेल्या बोटी असे दोन रकाने असतात. पाचव्या दिवशी मी पेन काढलं तेव्हा मावशी माझ्यासमोर रिकामी पाटी पालथी घालून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मला सर म्हणणं सोडलं.

"पोरा, नाय आली असं लिवू नको," त्या हळू म्हणाल्या. "अजून लिवू नको."

मी रकाना कोरा ठेवला. सहाव्या दिवशीही कोराच ठेवला. बाकीच्या बायका लिलावातली बोली नेहमीपेक्षा खालच्या आवाजात लावत होत्या. ताटली मात्र त्यांनी मांडून ठेवली होती. मी ती बाजूला केली आणि पाटीत हात घातला. मुठीत जे आलं ते बोटाएवढं होतं. मी ते मोजलं. मावशी बघत होत्या, पण त्यांनी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी चंदनसारला घराच्या जिन्यात उभं राहून मी मॅडमना फोन केला आणि ताटलीपासून पायऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, कधीपासून. मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून. मग म्हणाल्या, उद्या जा आणि नियमाने मोज, बाकीचं मी बघते.

सातव्या दिवशी मी बंदरात पोचायच्या आधी, बसमध्ये असतानाच मावशींचा फोन आला. मागे बायकांचा इतका गलका होता की पहिल्यांदा काही समजेना. इंजिन बंद पडून बोट वाहवत गेली होती, तिच्यात पाणी भरलं होतं. गुजरातकडच्या एका बोटीने दोघांना उचललं होतं, आणि ती बोट आज तिकडच्या बंदराला लागल्यावर मुलाने कोणाच्या तरी फोनवरून घरी फोन केला होता.

"दोघं हायत," मावशी म्हणाल्या. "बोट बुडाली." मग त्या गलक्यापासून जरा बाजूला आल्या. "आता लिव पोरा. नाय आली म्हनून लिव."