रावणाकडचे काका

रामायण-महाभारतातल्या दुष्टांना आमच्या वडगावच्या काकांइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या बेळगाव तालुक्यात शोधून सापडायचा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आयुष्य साड्यांचे माग चालवण्यात गेलं, आणि त्या खडखडाटावर मात करता करता आवाज दुप्पट झाला. श्रावणी सोमवारी माग बंद ठेवून दुपारी देवळात पोथी लावायची गल्लीची रीत. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. अर्थाचं काम वीस वर्षं काकांकडे, आणि तिथेच सगळा घोटाळा! ओवीतला मारुती लंका पेटवून मोकळा व्हायचा आणि काका चष्मा काढून विचारायचे, "त्येच्या शेपटाला गुंडाळल्याली लुगडी इणली कुणी? लंकेत इणकर नव्हते व्हय? त्येंचं माग जळालं, त्येचं काय?" मग अर्धा तास लंकेतल्या विणकर गल्लीचा आकांत. बायका पदराने डोळे पुसायच्या आणि राम बिचारा समुद्राच्या अलीकडे ताटकळत उभा!

दुर्योधनावर तर विशेष लोभ. "पावण्याला घरला बोलवायचं, पान्यात पाडायचं आनि वर हसायचं, ही कुठली रीत रं?" हे ते इतक्या तावातावाने विचारत की आपणच हसलो होतो की काय, असं वाटे. दुर्योधनाची मांडी फुटायचा अध्याय आला की त्या दिवशी जेवण बंद. मावशी वैतागायची, "अवो, त्यो दुर्योधन तुमचा कोण लागतोय?"

"कुणाचा तरी लागत आसंल की," म्हणून हे तांब्या तोंडाला लावणार.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकांच्या एकुलत्या एका मुलाने टेम्पोखाली शेजारच्या आक्कांच्या यजमानांना घातलं. येळ्ळूर रोडवर, भरदिवसा. घातलं आणि पळाला. ते तासभर तसेच पडून होते. लवकर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. पोराला लोंढ्याच्या रेल्वे स्टेशनात पकडलं. आता काकांची वकिली ऐकायला मिळणार, असं गल्लीला वाटलं. पण काका पोराबद्दल चकार शब्द काढीनात. मावशी एकटीच तुरुंगात भेटायला जायची आणि रडत परत यायची. मला काकांचा भयंकर संताप आला. म्हटलं, "रावणाला घातलंत पाठीशी, आणि पोटच्या पोराला वाऱ्यावर सोडलंत?"

"रावनानं मारल्याली मानसं माझ्या शेजारी ऱ्हाईत नव्हती रं," ते म्हणाले. "हितं आक्का रोज दारात दिसती."

श्रावण आला. पहिल्या सोमवारी काका पोथीपुढे बसले खरे, पण "रावन दुष्ट हुता, मेला. फुडं वाचा," एवढाच अर्थ. तेवढ्यात मागे बसलेल्या आक्का म्हणाल्या, "तुमच्या पोराचं बी सांगा की. कुनीतरी सांगाय पायजे. पन मला ऐकवायचं न्हाय." आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "गाडी थांबवली आसती तर मानूस जगला आसता. त्याला माफी न्हाय. पन आईला म्हनाला त्यो, पोलिसाला भ्यालो न्हाय, आप्पाला भ्यालो. म्हंजे मला. खरं हाय ते. ल्हानपनापास्नं मी आधी मारायचो, मग इचारायचो. कवाकवा इचारायचं ऱ्हाऊनच जायाचं." पोथी तिथेच मिटली.

त्याच आठवड्यात काका मुलाला भेटायला गेले. मी बरोबर होतो. जाळीपलीकडे तो मान खाली घालून उभा राहिला, वाळून अर्धा झालेला. काकांनी जाळी दोन्ही हातांनी धरली.

"सांग," ते म्हणाले. "ऐकतो मी."

पोरगा काही बोलला नाही. भेटीची वेळ संपली, शिपायाने दोनदा हाक मारली, तरी काका तसेच उभे होते.