सरूआत्याची तूर

सरूआत्याच्या रानात पाहुणा आला की ती आधी पाणी विचारत नसे. धुऱ्याच्या बांधावरूनच हरभऱ्याचा शेंडा खुडायची आणि थेट त्याच्या तोंडात कोंबायची. "खा. धुऊ नगं. जे तोंडात घालता येत न्हाई, ते माझ्या रानात घालत न्हाई मी." आंबट पाल्यानं दात शिवशिवायचे आणि ती कंबरेवर हात ठेवून हसायची.

आत्या माझ्या वडिलांची चुलतबहीण. शिरूर अनंतपाळजवळ तिची काळी जमीन. मी उदगीरला चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. मातीत विष ओतून त्याला प्रगती म्हणणं हा गुन्हा आहे, असं मी चौकाचौकांत बोलले आहे, आजही बोलते. पण बोलण्याची किंमत मला कधी मोजावी लागली नाही. आत्या ती दर साली पिकातून मोजायची.

तिच्या एकाच वावरात तूर, हरभरा, जवस, कडेला करडईचं काटेरी कुंपण. शेजारी चिडवायचे, "सरूबाई, ह्ये शेत हाय का बाजार?" ती म्हणायची, "बाजारच हाय. एकाचं दुकान बुडलं तरी दुसऱ्याचं चालतंय."

त्या साली शेंगा भरत आल्या आणि तुरीवर अळी पडली. आत्याचे गुडघे धरले होते. पुढच्या पेरणीपासून शेत तिच्या मुलाच्या, बाळूदादाच्या हाती जायचं होतं. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी तो फवारणीचा पंप घेऊन आला.

"आई, अळ्या शेंगा पोखराय लागल्यात. आज मारलं तर कायतरी हाती लागंल."

"उद्या मानसं रानात जेवणार. भज्जीला ह्याच तुरीचे दाणे हायेत."

"दाणे इकत आणतो की!"

"पांडवास्नी बाजारचा निवद दावू?"

"अन् तूर गेली तर? मंग काय दावशील, टरफलं?"

आत्यानं एक पोखरलेली शेंग खुडून फेकली.  मग म्हणाली, "उद्या दुपारपत्तूर थांब. मंग तुझं रान, तुझा पंप."

येळवस म्हणजे आमच्याकडचा रानातला सण. गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पाच दगड मांडून पांडवांची पूजा, दाणे-भाज्यांची बेसन लावलेली भज्जी, ज्वारीची ताकातली आंबील. ओळखीचा-बिनओळखीचा जो येईल तो जेवतो. आत्यानं त्या दिवशी सगळ्यांना कोपीपुढेच अडवलं आणि हातात जुनी लुगडी, चादरी दिल्या. "आधी तूर हलवा, मंग आंबील!"

उदगीरचे कापडवाले करीमचाचा खदखदून हसले. "सरूआपा, दावत हाय का बेगारी?"

"दोन्ही! धरा ते टोक. कापड धरायची सवय हाय तुमाला."

झाडं हलू लागली. खाली धरलेल्या लुगड्यांवर अळ्या टपाटप पडू लागल्या. लेकरं त्या वेचून कोंबड्यांपुढे टाकत होती. नवी लुगडी नेसलेल्या बाया, धोतरवाले, मास्तर, दुकानदार, सगळे एका ओळीत वाकलेले. घोषणा न देता जमलेली अशी फळी मी कुठल्याच मोर्चात पाहिली नव्हती. 

सगळ्या अळ्या पडल्या नाहीत. शेंगांत शिरलेल्या आतच राहिल्या. जेवणं उरकल्यावर आत्या गुडघा धरत पुन्हा तुरीत शिरली आणि लुगड्याच्या चिंध्या फाडून निवडक झाडांना बांधू लागली. अळी सोसूनही ज्यांनी शेंगा धरल्या होत्या, त्यांचंच बी पुढच्या साली पेरायचं होतं.

पंप बांधावर भरलेला उभा होता.  बाळूदादा तो तिथेच सोडून तुरीच्या ओळीत शिरला. एका झाडाच्या शेंगा त्यानं उलटसुलट करून पाहिल्या.

"आई, ह्ये धरू का बियाला?"

आत्यानं मान वर केली नाही. "मला कामून इचारतोस? दुपार टळली. रान तुझं हाय."

त्यानं चिंधीसाठी हात पुढे केला.