जांबो, कोन्निचिवा आणि देवदत्त परब

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाक आहे. पोस्टातून निवृत्त झालेले देवदत्त परब संध्याकाळी तिथे बसायचे, ते काही हवा खायला नव्हे, भाव खायला. शहाबेनना ‘जय जिनेंद्र’, अय्यरना ‘वणक्कम’, तिसऱ्या मजल्यावरच्या सरदारजींना ‘सत श्री अकाल’. ज्याचं त्याला. लोक खूश, आणि लोकांहून देवदत्त खूश.

मग शेजारचे विद्याधर सामंत लेकीकडे नैरोबीला राहून आले. जावई जपानी कंपनीत, त्यामुळे नमस्कारांची पोतडी दुहेरी भरलेली. पोरांना ‘जांबो’, बायकांना कमरेत वाकून ‘कोन्निचिवा’. आठवड्याभरात शहाबेनसुद्धा ‘जांबो’ म्हणायला लागल्या. तेही देवदत्तांनी गिळलं. पण गुरुवारी त्यांची बायको जयंती भाजी घेऊन फाटकातून आली, विद्याधर वाकले, आणि ही बाईही पिशवीसकट वाकली. वर हसली. असं हसणं देवदत्तांच्या वाट्याला शेवटचं कधी आलं होतं, ते त्यांना बाकावर बसून आठवेना.

जेवताना त्यांनी विषय काढलाच. “एवढं वाकायचं काय होतं? कंबर धरली असती तर?”

“धरली नाही ना. माणूस दिसलं की बोलतात हो ते काहीतरी.”

“मग मी काय मुका आहे?”

“तुम्ही अख्ख्या बिल्डिंगशी बोलता. घरात शिरलात की एकच, ‘चहा टाकलास?’”

देवदत्तांनी आमटीत भात कालवला. बायकोला म्हणायचं तरी काय? ‘नमस्कार’ म्हणावं तर ती पाहुणी वाटते, ‘राम राम’ म्हणावं तर गाववाली. जगभरच्या माणसांची सोय होती, हिचीच नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी खिशात चावी असूनही त्यांनी बेल वाजवली. जयंतीने दार उघडलं. त्यांनी हात जोडले. “नमस्कार, जयंतीबाई.”

“निवडणुकीला उभे राहताय?” म्हणत तिने आधी त्यांचं कपाळ चाचपलं.

“हसली नाहीस.”

“का हसू?”

“त्याला हसलीस.”

“अगंबाई. सामंतभावजींवर जळताय होय?”

“जळतंय कोण. जरा धग लागली.”

ती तोंडाला पदर लावून आत पळाली आणि स्वयंपाकघरातून जे हसू आलं, ते गुरुवारच्यापेक्षा नक्की मोठं होतं. देवदत्त उंबऱ्यातच उभे राहून ऐकत राहिले.

“आता आत या,” ती म्हणाली. “चहा टाकलाय.”

तेव्हापासून चावी खिशातच राहते, बेल वाजते. तरीही विद्याधर वाकले, की जयंती किती वाकते, हे देवदत्त बाकावरून मान तिरकी करून पाहतातच.