उत्तरेच्या भिंतीचे सोनवणेकाका

मार्गारेटचा मेसेज आला तेव्हा मी एका ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणाला तरी डेडलाइन समजावून सांगत होते. 'जनार्दन आज सकाळी झोपेतच गेले. तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं.' मार्गारेट म्हणजे आमच्या गावच्या चर्चची वॉर्डन, तिथला सगळा कारभार पाहणारी बाई. आणि जनार्दन म्हणजे आमचे सोनवणेकाका. मी घाईघाईने कॅमेरा बंद केला, माइक मात्र चालूच राहिला, आणि माझं रडणं अकरा जणांनी नीट ऐकलं. काकांना हे समजलं असतं तर पोट धरून हसले असते. आज सात आठवडे झाले. आता लिहिता येईल असं वाटतंय...

आमचं गाव इंग्लंडात, बेसिंगस्टोकपासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. एक पब, एक शाळा आणि आठ-नऊशे वर्षांचं एक चर्च, एवढाच संसार. सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो, त्याच उन्हाळ्यात पुण्याहून आई आली होती. एका दुपारी फिरता फिरता तिला चर्च आतून बघावंसं वाटलं. दाराच्या पडवीत शिरल्याबरोबर तिने सवयीने चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडीने लावल्या आणि मलाही बूट काढायला लावले. तेवढ्यात आतून लोकरीची टोपी घातलेले एक गृहस्थ आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "ताई, चपला असू द्या पायात. आतली फरशी म्हणजे बर्फ आहे नुसता, न्यूमोनिया व्हायचा." आईला मराठीचं नवल वाटावं की चपलांचं, हेच कळेना. तिने आधी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का हो?" "नाही, बौद्ध. देवाशी माझं काही देणंघेणं नाही. माझं भिंतींशी आहे." मग त्यांनी आम्हाला दोन तास फिरवलं. आई थकून बाकावर बसली, तरी ते बोलतच होते.

काकांची उभी हयात कार्डिफच्या एका हॉस्पिटलात गेली. काकू नर्स आणि हे इमारतींच्या दुरुस्तीच्या खात्यात. काकू गेल्यावर ते लेकीजवळ म्हणून इकडे आले आणि दोनच महिन्यांत चर्चची किल्ली त्यांच्या खिशात होती. लोखंडाची, वीतभर लांबीची, खिसा फाडणारी. रोज सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं आणि शनिवारी येणाऱ्या-जाणाऱ्याला चर्च दाखवायचं, ही त्यांची कामं. बाकीचे लोक माणसांना थेट आल्टरपाशी, म्हणजे पूजेच्या वेदीपाशी नेतात. काका आधी बाहेरून उत्तरेच्या भिंतीकडे न्यायचे. तिथे ऊन येत नाही, त्यामुळे कुणीच फिरकत नाही. गारगोट्यांची ती ओबडधोबड भिंत सगळ्यात जुनी. "ही गोल कमान बघ, आणि ती तिकडची टोकदार. मध्ये दीडशे वर्षं गेलीत. एकाने सुरू केलं, त्याच्या खापरपणतवाने पुढे नेलं, आणि घाई कुणालाच नव्हती." हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून असायचं. आत आल्यावर दगडांवरच्या गवंड्यांच्या खुणा दाखवायचे, कुणाचा बाण तर कुणाची फुली. राजाचं आणि बिशपचं नाव सगळीकडे असतं, चुना मळणाऱ्याचं कुठेच नसतं, ही त्यांची कायमची तक्रार. दारासमोरच्या भिंतीवर खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणाऱ्या संताचं मोठं चित्र आहे. धर्माचं वारं फिरलं तेव्हा त्याच्यावर चुना फासला होता. "पुसायला म्हणून फासला, आणि त्यानेच जपलं की नाही?" असं ते विचारायचे, जणू तो चुना त्यांनी स्वतःच्या हाताने लावला होता.

चुना हा त्यांचा जीव की प्राण. फलटणकडच्या त्यांच्या गावात वडील चुन्याच्या घाणीवर होते. बैल गोल फिरतोय आणि दगडी चाकाखाली चुना मळला जातोय, हे काकांचं लहानपण. त्यामुळे कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी उत्तरेच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून ठेवलेत हे त्यांना सहनच होईना. सिमेंटमुळे ओल भिंतीत कोंडते आणि आतला गिलावा सुटतो. चुन्यातून ती बाहेर पडते. हे त्यांनी चर्चच्या कमिटीला दोन वर्षं सांगितलं. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे सरकारी यादीतली जुनी वास्तू असल्यामुळे परवानगीशिवाय साधा खिळा ठोकता येत नाही. अर्ज झाले, आर्किटेक्ट येऊन गेले आणि शेवटी परवानगी मिळाली, ती एका अटीवर. चुन्याचं काम जाणणारा गवंडी भिंत करणार, रोजची देखरेख काकांची, आणि सिमेंटचा कणही वापरायचा नाही. नवा चुना भराभर वाळला तर भुगा होतो. म्हणून त्याच्यावर गोणपाटं टाकायची आणि ती दिवसातून दोनदा भिजवायची. काकांनी मला हाताशी घेतलं. ऑफिसआधी आणि ऑफिसनंतर मी गोणपाटं भिजवू लागले आणि मला त्यात भलतीच मजा वाटू लागली.

गेल्या सप्टेंबरात काका हृदयाच्या तपासणीसाठी आठवडाभर कार्डिफला गेले. जाताना म्हणाले, "पाणी मार. बाकी कशाला हात लावू नको." तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या दारापाशी हातभर जागेतला चुना गळून पडलेला दिसला. सोमवारी आर्किटेक्ट येणार होते. काकांची नाचक्की होईल या काळजीने मी दुकानातून दर्जा भरायच्या तयार मसाल्याचा डबा आणला, यूट्यूबवर बघून थापी चालवली आणि तो भाग असा गुळगुळीत केला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मदत करताना आपण फारच हुशार असतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी आर्किटेक्टनी त्या भागावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "हे सिमेंट कुणी लावलं?" काका आदल्या रात्रीच परतले होते. मार्गारेट होती, मी होते. माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी." आर्किटेक्टना खरं वाटेना, पण लेखी अट मोडली होती. वसंतापर्यंत काम बंद. आणि देखरेखीचा माणूसच असं करत असेल तर काहीतरी पाऊल उचलायला हवं, असं ते मार्गारेटला म्हणाले. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. मी गाडीपर्यंत त्यांच्या मागे गेले. "काका, मी सांगते ना त्यांना." "काही सांगायचं नाही. तुला अजून वर्षानुवर्षं राहायचंय या गावात. माझं काय, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणतील." मला बरं वाटलं. ते लिहिताना आज लाज वाटते, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला आधी सुटल्यासारखंच वाटलं.

ते सिमेंट काढायची परवानगी मात्र मिळाली. यंत्र चालत नाही, कारण दगड फुटतो. छिन्नी आणि हातोडी घेऊन आम्ही दोघं सहा दिवस खरवडत बसलो. तिसऱ्या दिवशी थर्मासमधला चहा पिता पिता काका सहज म्हणाले, "वडिलांनी आमच्या गावच्या देवळाचा सगळा चुना मळला. देऊळ पुरं झालं आणि पायरीवरून मागे फिरले. आत जायची सोय नव्हती... ही किल्ली मिळाली त्या दिवशी त्यांची फार आठवण आली होती." एवढं बोलून ते परत खरवडायला लागले. काकांनी माझ्यासाठी काय देऊन टाकलं ते मला त्या थंडीत, त्या भिंतीशी बसल्यावर कळलं. तरीही मी मार्गारेटकडे गेले नाही. रोज उद्यावर ढकललं.

त्या हिवाळ्यात दार मार्गारेट उघडायची आणि काका इतरांसारखे पाहुणे म्हणून आत जायचे. टोपी तीच, उत्साह तोच. मार्चमध्ये किल्ली परत आली, मे महिन्यात काम सुरू झालं. जूनमध्ये खुर्ची टाकून ते भिंतीसमोर बसायचे, आणि मी पाणी जास्त मारलं की तिथूनच ओरडायचे. एकदा म्हणाले, "आता कुणी फुकट महाल दिला तरी नको." जुलैत ते गेले. लेकीने बौद्ध पद्धतीने सगळं केलं. आम्ही त्रिसरण म्हटलं, आणि मागच्या रांगांमध्ये अर्धं गाव पाठ नसतानाही माना खाली घालून उभं होतं.

परवा भिंतीचा शेवटचा हातभर भाग भरून झाला. गवंडी गेला, मार्गारेट आणि मी गोणपाटं टांगत होतो. मी एका दमात सांगून टाकलं की ते सिमेंट मी लावलं होतं. मार्गारेटने गोणपाटाचं टोक दोरीत अडकवलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे. त्या दिवशी मी आत फुलं लावत होते, खिडकीतून तू दिसलीस. तो कार्डिफहून परतला त्याच रात्री मी त्याला फोन करून सांगितलं."

"मग तू किल्ली का घेतलीस?"

"त्यानेच घ्यायला लावली. म्हणाला, 'तिला सगळ्यांसमोर बोल लागले तर ती पुन्हा या भिंतीकडे फिरकणार नाही. मी किल्लीशिवाय येईन, पण ती यायची थांबली तर माझ्यामागे पाणी कोण मारणार?'"

मार्गारेट माझ्या दंडावर हात ठेवून चहा करायला आत गेली. मी काकांचा फवारा भरून घेतला. त्याचं तोंड त्यांनी फिरवून ठेवलं होतं तसंच आहे, अगदी बारीक तुषार पडतात. मी ते फिरवत नाही. वरपासून खालपर्यंत सगळी भिंत भिजवली, आणि संध्याकाळी पुन्हा गेले.