ऐनावरची आळंबी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हरसूलच्या जंगलातून आळंब्या आणायचे, तेव्हा घरात माझी यथेच्छ टिंगल चालायची. आळंबी म्हटलं की लोकांना पावसाळ्यातली मऊ, पांढरी छत्री आठवते. माझ्या आळंब्या तसल्या नाजूक नव्हत्या. झाडाच्या खोडाला फळी ठोकावी तशा चिकटलेल्या आणि लाकडाइतक्या टणक. काढायला कोयताच लागायचा. पिशवी भरून मी एस.टी.ने नाशिकला यायचे आणि त्या गच्चीवर वाळत घालायचे. दादा विचारायचा, "आज भाजी कसली, फळकुटाची का?" मी चिडायचे, आणि मी चिडते म्हणून तो रोज विचारायचा.

ओळख पटवणं हे तसं चिडक्या माणसाचं काम नव्हेच. झाड कोणतं, आळंबीच्या खालच्या बाजूची छिद्रं किती बारीक, आतला रंग कसला, वरती भेगा की वळ्या, हे सगळं भिंगातून बघून झालं तरी पुस्तकातली दोन-तीन वर्णनं सारखीच लागू पडायची. ऐनाच्या खोडावरून काढलेल्या एका आळंबीने तर मला महिनाभर छळलं. घोड्याच्या खुरासारखी, वरून काळपट, भेगाळलेली, आतून गंजाच्या रंगाची. तिच्या चिठ्ठीवर झाड, गाव, तारीख, सगळं होतं. नावाची जागा तेवढी कोरी.

एका दुपारी मी जेवत असताना आई ती हातात घेऊन आली. "ही फणसआळंबी का गं?"

आईचं माहेर कोकणातलं. तिकडे तान्ह्या बाळाला तोंड आलं की फणसाच्या खोडावरची आळंबी सहाणेवर उगाळून तोंडात लावतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण माझं सगळं लक्ष ताटात. "हो, त्यातलीच असेल," म्हणाले आणि ताक मागितलं.

दोन दिवसांनी कॉलेजातून आले तर आई आणि वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या. बाळ म्हणजे दादाची आठ महिन्यांची मुलगी, माझी भाची. तिला तोंड आलं होतं आणि ती सकाळपासून दुधाला तोंड लावत नव्हती. आता तिच्या ओठांना तपकिरी काहीतरी लागलेलं दिसलं. शेजारी सहाण, आणि सहाणेवर माझी आळंबी, एका कडेने झिजलेली.

"आई, ही फणसावरची नाही, ऐनावरची आहे!"

"पण त्यातलीच ना?"

"मला काय माहीत!" मी किंचाळले. माझ्या आवाजानेच बाळ रडायला लागलं.

दादासकट आम्ही सगळे रिक्षात कोंबून बसलो आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाळाचं तोंड स्वच्छ केलं, पोट तपासलं आणि आळंबी उलटसुलट करून बघितली. "नाव काय हिचं? विषारी असते का?"

आई, दादा, वहिनी, तिघंही माझ्याकडे बघायला लागले. दादाच्या चेहऱ्यावर टिंगलीचा मागमूस नव्हता. घरच्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल एकदा तरी कान देऊन ऐकावं, असं मला वर्षभर वाटत होतं. आता ते ऐकत होते आणि मला घाम फुटला होता. "माहीत नाही," मी म्हणाले. इतकी लाज मला पुढे तोंडी परीक्षेतही वाटली नाही.

बाळाला तिथेच थांबवून घेतलं. मी आळंबी घेऊन माझ्या प्रकल्पाच्या सरांच्या घरी धावले. सरांनी मला आधी पाणी पाजलं, मग आळंबीची एक ढलपी काढून तिच्यावर पोटॅशचा थेंब टाकला. ढलपी काळीकुट्ट झाली. "फणसआळंबीच्याच गणातली आहे," ते म्हणाले. "या गणातली विषारी माझ्या तरी वाचनात नाही. पण नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच कळेल. तोवर ही तीच, असं कुणाला सांगू नकोस."

मी बूथवरून दवाखान्यात फोन लावला. दादाने घेतला. बाळ दूध प्यायलं होतं, आणि त्यातलं थोडं डॉक्टरांच्या टेबलावर ओकून आता हसत होतं. माझ्या जिवात जीव आला.

घरी पोचले आणि भीती ओसरली तसा राग उफाळून आला. आई दवाखान्यातून परतून सहाण घासत बसली होती. "कुणी काहीही म्हटलं की लगेच लेकराच्या तोंडात घालायचं का गं?" मी कडाडले.

"कुणी कुठं? तू म्हणालीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माहेरी असते तर चारजणींना विचारलं असतं. इथं तू होतीस, म्हणून दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."